खऱ्या खोल्यांचे खोटे हॉटेल : ‘द शायनिंग’मधील वास्तुरचनेची कोडी



स्टॅन्ली कुब्रिक यांचा ‘द शायनिंग’ हा भयपट १९८० साली प्रदर्शित झाला. स्टीफन किंग यांच्या १९७७ सालच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. कोलोरॅडोच्या डोंगरात ओव्हरलुक नावाचे एक अवाढव्य हॉटेल आहे. हिवाळ्यात बर्फाने रस्ता बंद होतो, म्हणून हॉटेलही बंद होते. त्या काळात वास्तूची देखभाल करण्यासाठी जॅक टॉरन्स नावाचा लेखक होऊ पाहणारा माणूस बायको वेंडी आणि मुलगा डॅनी यांना घेऊन तिथे राहायला येतो. पुढची कथा बहुतेकांना ठाऊक आहे. हॉटेल हळूहळू जॅकचा ताबा घेते आणि अखेर तो कुऱ्हाड घेऊन बायको-मुलाच्या जिवावर उठतो.

आजचा विषय ती कथा नाही. आजचा विषय ते हॉटेल आहे : त्याच्या भिंती, त्याची दारे, त्याच्या खिडक्या, त्याचे बोळ. कारण या हॉटेलचा नकाशा जुळत नाही. चित्रपट पुनःपुन्हा पाहून, कागद-पेन्सिल घेऊन अनेक चिकाटीच्या प्रेक्षकांनी तो काढला. एक भिंत बसवावी तर दुसरी बाहेर येते, एक दालन नीट बसवावे तर शेजारचे दालन त्याच जागेवर हक्क सांगते.

प्रश्न असा की हे कसे घडले? ती चूक होती की योजना? आणि ज्या प्रेक्षकाने कधी नकाशा काढलेला नाही, काढणारही नाही, त्याच्यावर या न जुळणाऱ्या भिंतींचा काही परिणाम होतो का?

सुरुवात एका खिडकीपासून करावी लागेल. या साऱ्या कोड्यांत ती सर्वांत प्रसिद्ध आहे आणि सर्वांत बोलकीही.

चित्रपटाच्या आरंभी जॅक मुलाखतीसाठी येतो. मुख्य दारातून लॉबीत शिरतो, स्वागतकक्षापाशी चौकशी करतो आणि व्यवस्थापकाच्या कचेरीकडे जातो. कॅमेरा त्याच्याबरोबर चालतो, त्यामुळे कचेरी लॉबीच्या कोणत्या बाजूला आहे हे प्रेक्षकाला न सांगता कळते. आत स्टुअर्ट उलमन हा व्यवस्थापक हसतमुखाने त्याचे स्वागत करतो. उलमनच्या पाठीमागे एक खिडकी आहे. खिडकीतून लख्ख उजेड येतो आहे, बाहेर हिरवळ दिसते आहे. कुठल्याही कचेरीत असावी तशी साधी खिडकी.

पण ती तिथे असूच शकत नाही. ही कचेरी इमारतीच्या पोटात आहे. पुढे चित्रपटात पात्रे लॉबीतून जा-ये करतात तेव्हा कचेरीच्या मागच्या बाजूने जाणारा बोळ दिसतो. म्हणजे खिडकीच्या पलीकडे मोकळे आकाश नसून हॉटेलचाच एक बोळ आहे. मग तो उजेड कुठून येतो? ती झाडे कुठे उगवली आहेत?

जुन्या वाड्यात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न चटकन समजेल. वाड्यातही आतल्या खोल्यांना उजेड असतो, परंतु तो चौकातून येतो. माजघराला खिडकी असेल तर तिच्यापलीकडे चौक असायलाच हवा, नाहीतर ती भिंतीतच उघडेल. उजेडाला वाट लागते. ओव्हरलुकच्या या भागात चौक नाही. तिथे उजेड आहे, पण त्याची वाट नाही.

आता त्या खिडकीपुढे काय बोलले जाते ते पाहावे. उलमन आकडे सांगतो. हॉटेलचे बांधकाम १९०७ साली सुरू झाले, १९०९ साली पूर्ण झाले. रस्त्याच्या पंचवीस मैलांच्या पट्ट्यात सरासरी वीस फूट बर्फ पडतो. सगळी माहिती काटेकोर, सगळा स्वर व्यवहारी. आणि त्याच स्वरात तो सांगतो की १९७० सालच्या हिवाळ्यात ग्रेडी नावाच्या आधीच्या रखवालदाराने बायकोला आणि दोन मुलींना मारून स्वतःला संपवले. चित्रपटातला हा सर्वांत साधा, सर्वांत उजेडाचा प्रसंग. वारा नाही, अंधार नाही, दचकवणारे संगीत नाही. भूत एकच आहे, ते त्या माणसाच्या पाठीशी भिंतीत बसवलेले आहे आणि त्याच्याकडे कोणीही पाहत नाही. भयपटाच्या इतिहासात इतके निर्धास्त, इतके उघड्यावर मांडलेले भूत क्वचितच सापडेल.

या खिडकीनंतर बाकीची कोडी ओळखू येऊ लागतात. हॅलोरन हा मुख्य आचारी वेंडी आणि डॅनीला स्वयंपाकघर दाखवतो. मोठ्या शीतखोलीचे जाड दार तो उघडतो, तिघे आत जातात, मांसाची यादी ऐकवली जाते, तिघे बाहेर येतात. आत शिरताना दार बोळाच्या एका बाजूला होते, बाहेर येताना ते दुसऱ्या बाजूला आहे. प्रेक्षक त्या वेळी हॅलोरनच्या बोलण्यात गुंतलेला असतो आणि दार त्याच्या देखत जागा बदलते.

२३७ क्रमांकाच्या खोलीबाहेरचा बोळही तसाच. तिथे एकाला लागून एक दारे आहेत. मात्र पुढे जॅक २३७ मध्ये शिरतो तेव्हा आत बैठक, शयनकक्ष आणि लांबलचक हिरवे न्हाणीघर आहे. शेजारच्या दारांमागे मग उरते किती? ती दारे उघडली तर माणूस खोलीत जाणार की भिंतीवर आपटणार? क्रमांकाचीही एक लहानशी हकिकत आहे. कादंबरीत ही खोली २१७ आहे. ज्या हॉटेलचे बाह्यदर्शन चित्रपटात वापरले त्या टिंबरलाइन लॉजमध्ये २१७ क्रमांकाची खरी खोली होती. चित्रपट पाहून तिथे कोणी उतरायला धजणार नाही, या काळजीने लॉजने क्रमांक बदलण्याची विनंती केली. लॉजमध्ये नसलेला क्रमांक निवडला गेला. आज चित्रपटाच्या अभ्यासकांत ‘दोनशे सदतीस’ हा आकडाच एक संकेत झाला आहे.

त्याच बोळातल्या गालिच्याकडे जरा जवळून पाहायला हवे. नारिंगी, तपकिरी आणि लाल षटकोनांची ती नक्षी डेव्हिड हिक्स या इंग्रज सजावटकाराच्या रचनेवर बेतलेली आहे. डॅनी तिच्यावर बसून गाड्या खेळत असतो. समोरून एक चेंडू घरंगळत येतो, थेट त्याच्यापाशी. पहिल्या दृश्यात षटकोनांची रांग चेंडूला वाट करून देते, नक्षीचे तोंड त्या दिशेला उघडे आहे. दृश्य बदलते, डॅनी उभा राहतो, आणि आता नक्षी उलट्या दिशेची आहे. ज्या वाटेने चेंडू आला ती वाट गालिच्यावर उरलेलीच नाही. हे घडायला एक क्षण लागतो. चेंडू कोणी टाकला हा प्रश्न डॅनीला पडतो. गालिचा कोणी फिरवला हा प्रश्न प्रेक्षकाला पडतही नाही.

आणि भुलभुलैया. हॉटेलसमोर झुडपांच्या उंच भिंतींचा भुलभुलैया आहे, चित्रपटाचा शेवट तिथेच होतो. कादंबरीत तो नाही. कादंबरीत प्राण्यांच्या आकारात कातरलेली झुडपे आहेत आणि ती जिवंत होतात. ते पडद्यावर पटेल असे दाखवण्याची तांत्रिक सोय त्या काळी नव्हती. कुब्रिकनी भुलभुलैया आणला आणि कथेला त्याचा फायदाच झाला. मात्र आरंभी आकाशातून टिपलेल्या दृश्यात हॉटेल दिसते, भुलभुलैया दिसत नाही. पुढे त्याचे तीन आराखडे समोर येतात : प्रवेशाशी लावलेल्या फलकावरचा, लॉबीतल्या मेजावर ठेवलेल्या प्रतिकृतीचा आणि जॅक त्या प्रतिकृतीवर वाकून पाहतो तेव्हा वरून दिसणारा. तिन्ही वेगळे आहेत. वरून दिसणारा तर इतका विस्तीर्ण की त्यात वेंडी आणि डॅनी ठिपक्यांएवढे चालताना दिसतात. हॉटेल ज्याला आपले म्हणते त्या माणसालाही ते आपला खरा नकाशा दाखवत नाही, असेच म्हणावे लागते.

आता प्रश्न येतो तो बांधणीचा. हे हॉटेल बांधले कसे? याचे उत्तर थक्क करणारे आहे.

कथा कोलोरॅडोत घडते. हॉटेलचे बाह्यांग ओरेगॉनमधल्या माउंट हूड पर्वतावरच्या टिंबरलाइन लॉजचे आहे. महामंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेतून उभारलेल्या या लॉजचे लोकार्पण १९३७ साली अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी केले होते. जॅकची पिवळी मोटार ज्या वळणावळणाच्या रस्त्याने वर चढते तो मोंटानातल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातला आहे. लॉबी आणि कोलोरॅडो लाउंज हा भव्य दिवाणखाना कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या अहवानी हॉटेलवरून घेतला आहे, ते १९२७ सालचे. जॅक आणि ग्रेडीचे भूत यांचा संवाद जिथे होतो ते लालभडक न्हाणीघर ॲरिझोनातल्या फिनिक्समधल्या एका हॉटेलातल्या फ्रँक लॉइड राइट धाटणीच्या न्हाणीघरावर बेतले आहे. आणि हे सगळे आतले जग उभे राहिले इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या बोरहॅमवुड इथल्या एल्स्ट्री स्टुडिओत. कुब्रिक इंग्लंडमध्येच राहत. मुख्य नटांनीही हॉटेलचे अंतरंग म्हणून जे अनुभवले ते हर्टफर्डशरमधले लाकूड, प्लास्टर आणि रंग.

कलादिग्दर्शक रॉय वॉकर यांनी आधी अमेरिकेत हिंडून हॉटेलांची असंख्य छायाचित्रे काढली. त्यांतून खोल्या निवडल्या गेल्या. निवडलेल्या खोल्यांच्या लहान प्रतिकृती करून पाहिल्या गेल्या आणि मग मूळ छायाचित्रांबरहुकूम सेट बांधले गेले. कुब्रिकनी फ्रेंच समीक्षक मिशेल सिमां यांना दिलेल्या मुलाखतीत यामागचा विचार स्पष्ट केला आहे. भुताच्या चित्रपटांतली ठरावीक भयाण हवेली त्यांना नको होती. हॉटेल खरे दिसायला हवे होते. त्याची गुंतागुंतीची रचना आणि प्रचंड दालने एवढ्याने पुरेसे गूढ वातावरण तयार होईल, अशी त्यांची खात्री होती. याच संदर्भात त्यांनी काफ्काचे नाव घेतले : काफ्काच्या कथा अद्भुत असतात, पण त्यांची भाषा साधी, जवळजवळ वार्ताहराची असते.

इथे या विषयाचे मर्म आहे. ओव्हरलुकमधली प्रत्येक खोली खरी आहे. कुठल्यातरी खऱ्या हॉटेलातली, मोजमाप घेतलेली, दिव्याच्या कोनापर्यंत नक्कल केलेली. खोटे आहे ते खोल्यांमधले नाते. दार खरे, त्यामागची खोली खरी, पण त्या दारातून त्या खोलीत जाता येणार नाही. भूत खोलीत नाही, ते सांध्यात आहे.

भयपटांच्या परंपरेत ही नवी गोष्ट होती. १९२० सालचा जर्मन मूकपट ‘डॉ. कॅलिगारीचे कपाट’ आठवावा. त्यातल्या भिंती उघड उघड वाकड्या आहेत, खिडक्या त्रिकोणी, सावल्या चक्क रंगवलेल्या. हर्मान वार्म, वॉल्टर राइमान आणि वॉल्टर रोरिश या चित्रकारांनी वेड्या मनाचे जग कॅनव्हासवर उभे केले. प्रेक्षकाला पहिल्या क्षणी कळते की हे जग बिघडलेले आहे. त्यानंतर चाळीसेक वर्षांनी, १९६३ साली, रॉबर्ट वाइज यांचा ‘द हाँटिंग’ आला. शर्ली जॅक्सन यांच्या १९५९ सालच्या कादंबरीत हिल हाउस नावाचे जे घर आहे त्यात एकही कोन काटकोन नाही, प्रत्येक कोन किंचित चुकलेला आहे, म्हणून दारे आपोआप मिटतात. वाइज यांनी हे दाखवण्यासाठी एक विशेष रुंद भिंग वापरले. ते अजून पुरते सुधारलेलेही नव्हते, त्यातून भिंती बाक आल्यासारख्या दिसत. त्या चित्रपटाचे अंतर्भागही बोरहॅमवुडमध्येच चित्रित झाले, एमजीएमच्या स्टुडिओत. ओव्हरलुक जिथे उभे राहिले त्याच गावात. योगायोग म्हणून का होईना, नोंद घेण्यासारखी गोष्ट.

कॅलिगारीत भिंती वाकड्या आहेत. हिल हाउसमध्ये त्या किंचित वाकड्या आहेत. ओव्हरलुकमध्ये प्रत्येक भिंत सरळ आहे. काटकोन अचूक, बोळ समांतर, रचना उजव्या-डाव्या बाजूंनी तंतोतंत समतोल. कुब्रिकचा कॅमेरा बोळाच्या मध्यावर उभा राहतो आणि सगळ्या रेषा दूरच्या एका बिंदूकडे धावतात. अशी चौकट पाहताना मनाला वाटते की इथे भूमितीचे राज्य आहे, इथे फसवणूक होणार नाही. विश्वास बसतो तो तिथे आणि दगा होतो तोही तिथेच.

हा विश्वास पक्का करण्यात एका यंत्राचा मोठा वाटा आहे. ते म्हणजे स्टेडीकॅम. गॅरेट ब्राउन या अमेरिकन छायाचित्रकाराने सत्तरच्या दशकात ते शोधून काढले. १९७६ सालच्या ‘रॉकी’त फिलाडेल्फियाच्या पायऱ्या धावत चढणारा मुष्टियोद्धा त्यानेच टिपला. माणूस कॅमेरा अंगावर बांधून चालतो, धावतो, तरी चित्र हलत नाही. रूळ मांडावे लागत नाहीत. ‘द शायनिंग’साठी ब्राउन स्वतः एल्स्ट्रीत आले आणि भिंग जमिनीपासून वीतभर उंचीवर धरता येईल अशी जोडणी वापरली गेली.

डॅनीच्या तीनचाकीच्या सफरी त्यातून आल्या. पहिल्या सफरीत डॅनी दिवाणखान्याला आणि मागच्या बोळांना वळसा घालून फेरी पूर्ण करतो. कॅमेरा त्याच्यामागे, त्याच्या उंचीवर, मध्ये कुठेही दृश्य तोडलेले नाही. लाकडी जमिनीवर चाकांचा खडखडाट, गालिच्यावर एकदम शांतता, पुन्हा खडखडाट. डोळे मिटले तरी जागा कळावी अशी ती सफर आहे. चित्रपटाचा हिशोब इथे लक्षात घ्यायला हवा. तुटलेले दृश्य पाहताना प्रेक्षक सावध असतो, दोन तुकड्यांत काहीतरी गाळले असेल हे त्याला माहीत असते. अखंड दृश्य पाहताना तो सावध नसतो. जे चालून दाखवले ते खरेच, असे तो मानतो. एकदा हा विश्वास मिळवला की पुढच्या सफरींत कोणत्या वळणानंतर कोणता बोळ यायला हवा हे तपासायला कोणी थांबत नाही. आणि मग एका वळणानंतर निळ्या झग्यातल्या दोन मुली उभ्या असतात.

पण न जुळणारा नकाशा, तोही ध्यानात न आलेला, अस्वस्थ कसा करेल? याचे थोडे उत्तर मानसशास्त्रात सापडते. एडवर्ड टोलमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली एक प्रसिद्ध निबंध लिहिला. भुलभुलैयात सोडलेले उंदीर केवळ डावे-उजवे वळण पाठ करत नाहीत, ते जागेचा एक नकाशा मनात तयार करतात, असे त्याने मांडले. पुढे मेंदूत जागेची नोंद ठेवणाऱ्या पेशी सापडल्या आणि या शोधासाठी जॉन ओकीफ, मे-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. थोडक्यात, कुठल्याही नव्या वास्तूत शिरताना माणूस न ठरवता तिचा आराखडा मांडत असतो. दार कुठे, खिडकी कुठे, बाहेर पडायचे झाले तर कुठून, याचा हिशोब आपोआप चाललेला असतो. चित्रपट पाहतानाही तो थांबत नसावा. ओव्हरलुकमध्ये हा हिशोब प्रत्येक वेळी चुकतो आणि का चुकतो ते कळत नाही. जागेचा अंदाज येत नाही हा भयाचा फार जुना प्रकार आहे. रात्री रानात वाट चुकलेल्या माणसाला विचारावे. समोर काही दिसले म्हणून तो घाबरत नाही, आपण कुठे आहोत हे कळत नाही म्हणून घाबरतो.

पटकथेत कुब्रिकच्या सहकारी असलेल्या डायान जॉन्सन यांनी सांगितले आहे की लेखनाच्या काळात दोघांनी फ्रॉइडचा १९१९ सालचा निबंध वाचला होता. परिचित गोष्ट अचानक अनोळखी वाटू लागते तेव्हा जी विशिष्ट भीती उपजते, तिचा तो निबंध आहे. ओव्हरलुकची खिडकी हे त्याचे अचूक उदाहरण म्हणता येईल. इतकी परिचित वस्तू दुसरी नसेल आणि इतकी चुकीच्या जागीही नसेल.

आता त्या प्रश्नाकडे यायला हवे जो इतका वेळ बाजूला ठेवला होता. हे सगळे हेतुपुरस्सर होते का?

एक बाजू अशी. चित्रपटाचा सेट म्हणजे घर नव्हे. तो सोयीसाठी बांधतात. कचेरीचा प्रसंग उजळ हवा, म्हणून खिडकी ठेवली. एका मंचावर मावले नाही, म्हणून दालने वेगवेगळ्या मंचांवर गेली. चित्रण सुमारे वर्षभर चालले, त्यात १९७९ च्या सुरुवातीला सेटला आग लागून दिवाणखाना जळाला आणि काही भाग नव्याने बांधावा लागला. अशा कामात भिंतींची जुळणी राहून जाणे स्वाभाविक आहे. जगातल्या जवळजवळ प्रत्येक चित्रपटातले घर असेच न जुळणारे असते, फक्त त्यांचे नकाशे कोणी काढत नाही.

दुसरी बाजू अशी. कुब्रिकचे मेहुणे आणि या चित्रपटाचे कार्यकारी निर्माते यान हार्लान यांनी २०१२ साली स्पष्ट सांगितले की सेट मुद्दाम विसंगत बांधला होता. चित्रपटात दिसते एवढे मोठे नृत्यदालन हॉटेलच्या त्या इमारतीत मावणारच नाही, हे त्यांना ठाऊक होते. प्रेक्षकाला दिशा कळू नये हाच हेतू होता, आणि भुताच्या चित्रपटाने सुसंगत का असावे, असा उलट प्रश्न त्यांनी केला. नृत्यदालन हे लहानसहान काम नव्हते, खर्चाचे, मोजमापाचे, मोठ्या चमूचे काम होते. ते चुकून मोठे झाले असे कोणी म्हणणार नाही.

आणि तिसरीही एक बाजू आहे. २०१२ साली रॉडनी ॲशर यांचा ‘रूम २३७’ हा माहितीपट आला. त्यात ‘द शायनिंग’चे वेड घेतलेले प्रेक्षक आपापले अर्थ मांडतात. एकीने हॉटेलचे तपशीलवार नकाशे काढले आहेत आणि ते काम खरोखर मोलाचे आहे. मात्र त्याच माहितीपटात हा चित्रपट म्हणजे चंद्रावर उतरण्याचे दृश्य बनावट असल्याची छुपी कबुली आहे, असेही कोणी सांगतो. कुब्रिकचे सहायक लिऑन व्हिटाली यांनी या अर्थांपैकी बहुतेक फेटाळून लावले आणि त्यांचे बरोबर होते. न जुळणाऱ्या भिंतीवरून दिशाभूल हा हेतू निघतो, त्यावरून गुप्त संदेश निघत नाही. जॅकच्या मागची खुर्ची एका दृश्यात आहे आणि पुढच्या दृश्यात नाही, टंकलेखन यंत्राचा रंग बदलतो, दूरचित्रवाणी संचाला वायर दिसत नाही. यांतले काय मुद्दाम आणि काय नजरचुकीने, हे ठरवण्याचा मार्ग नाही. कुब्रिकनी स्वतः कधी स्पष्टीकरण दिले नाही आणि १९९९ साली त्यांचे निधन झाले.

तरीही एक निकष लावता येतो. विसंगती लहान असेल आणि दृश्याच्या कडेला असेल तर ती निसटलेली समजावी. ती मोठी असेल, चौकटीच्या मध्यभागी असेल आणि तिच्यावर मेहनत व खर्च झाला असेल तर ती योजलेली समजावी. या निकषावर खुर्ची निसटलेली ठरते. नृत्यदालन आणि भुलभुलैया योजलेले ठरतात. खिडकी? ती चौकटीच्या बरोबर मध्यभागी आहे, व्यवस्थापकाच्या डोक्यामागे, आणि प्रसंगभर तिथून उजेड ओसंडत राहतो.

स्टीफन किंगना हा चित्रपट कधीच आवडला नाही. त्यांना ही कल्पना सुचली ती कोलोरॅडोतल्या एस्टेस पार्क गावातल्या स्टॅन्ली हॉटेलात, तिथे ते १९७४ साली मुक्कामाला होते. १९९७ साली त्यांनी स्वतः पटकथा लिहून त्या खऱ्या हॉटेलातच दूरचित्रवाणी मालिका करवून घेतली. त्या मालिकेत दारे जिथे उघडायला हवीत तिथेच उघडतात, खिडक्यांबाहेर खरे कोलोरॅडो आहे, आणि आज ती फारशी कोणाच्या स्मरणात नाही. उलट कुब्रिकचे ओव्हरलुक इतके पक्के झाले की स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी २०१८ साली ‘रेडी प्लेअर वन’मध्ये ते संगणकावर पुन्हा उभारले. माइक फ्लॅनगन यांनी ‘डॉक्टर स्लीप’साठी कुब्रिकच्या काळातले मूळ आराखडे मिळवून लॉबी, बोळ आणि दिवाणखाना पुन्हा बांधला, तो चित्रपट २०१९ साली आला. जे हॉटेल कधी उभे राहूच शकत नव्हते त्याची डागडुजी अजून चालू आहे.

आणि स्टॅन्ली हॉटेलचे काय झाले? तिथे येणारे पाहुणे वर्षानुवर्षे विचारत राहिले की झुडपांचा भुलभुलैया कुठे आहे. तो तिथे कधीच नव्हता, कादंबरीतही नव्हता. अखेर २०१५ साली हॉटेलने आपल्या अंगणात भुलभुलैया लावून टाकला.